जितका संशय, तितके कमी प्रश्न

सरांची शोकसभा त्यांच्याच शाळेच्या हॉलमध्ये होती. टेबलावर फोटो, फोटोला सोनचाफ्याचा हार, समोर उदबत्ती आणि माईकची मधूनच उठणारी शिट्टी. एकामागून एक माणसं उठून बोलत होती. कुणाची परीक्षेची फी सरांनी गुपचूप भरली होती. कुणाला घरी जेवू घालून गणित शिकवलं होतं. कुणाच्या दारू पिणाऱ्या वडिलांना समजवायला सर भर पावसात सायकल मारत त्यांच्या गावी गेले होते. सगळं खरं होतं. मीही बोलले. शिकवणीला बसल्यावर सर आमच्या पेन्सिलींना ब्लेडने टोक काढून द्यायचे, लाकडाची साल न तुटता गोल निघायची आणि ती ते आम्हा मुलींच्या वहीवर ठेवायचे, ते मी सांगितलं. सभा संपल्यावर सरांच्या घरी गेले तर ताई, म्हणजे सरांची थोरली मुलगी, स्वयंपाकघरात चहा गाळत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोललात ना, ते मला भेटले असते तर फार आवडलं असतं.” मग गाळणी बेसिनच्या कडेवर आपटून चोथा झाडला आणि साखर बेताची आहे का, एवढंच विचारलं.

त्या रात्री झोप येईना. कपाटातून स्टीव्हन्सनचं ‘स्ट्रेंज केस ऑफ डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’ काढलं. या पुस्तकाचं दुर्दैव असं, की भला डॉक्टर जेकिलच रसायन पिऊन दुष्ट हाइड होतो, हे त्यातलं रहस्य ते हातात घ्यायच्या आधीच आपल्याला ठाऊक असतं. ज्याने ते उघडूनही पाहिलेलं नाही तोही एखाद्या दुटप्पी माणसाला जेकिल-हाइड म्हणून मोकळा होतो. जानेवारी १८८६ मध्ये लंडनच्या लाँगमन्सने हे छोटं पुस्तक एका शिलिंगला विकायला काढलं आणि सहा महिन्यांत त्याच्या सुमारे ४०,००० प्रती खपल्या. त्या वाचकांना शेवटच्या दोन प्रकरणांपर्यंत ही दोन वेगळी माणसंच वाटत होती. कुणी तरुण हलकट एका भल्या, पन्नाशीच्या डॉक्टरला जुन्या भानगडीवरून पिळतोय, असं वाटत होतं. तो धक्का आपल्या वाट्याला येत नाही. पण धक्का नसल्यामुळेच नजर इतरांवर जाते. जेकिलच्या मित्रांवर, त्याच्या नोकरांवर, रस्त्यावरच्या माणसांवर. मी त्या रात्री वाचायला घेतलं ते जेकिलसाठी, आणि अडकले ते पहिल्याच प्रकरणात, हाइडचा किस्सा सांगणाऱ्या एनफिल्ड नावाच्या गृहस्थापाशी.

प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. हिवाळ्यातल्या काळोख्या पहाटे तीनच्या सुमाराला रस्त्याच्या कोपऱ्यावर एक माणूस आणि आठ-दहा वर्षांची एक मुलगी एकमेकांवर धडकतात. मुलगी पडते आणि तो माणूस शांतपणे तिच्या अंगावरून तुडवत पुढे निघून जातो. एनफिल्ड सांगतो, ऐकायला हे काहीच नाही, पण बघायला नरक होता. तो धावत जाऊन हाइडला धरून आणतो. मुलीच्या घरची माणसं जमतात, डॉक्टर येतो. एरवी कोरडा ठणठणीत असणारा तो डॉक्टर हाइडकडे पाहून पांढराफटक पडतो, कारण याला ठार मारावं असं त्याच्या मनात येतंय. ठार तर मारता येत नाही, म्हणून ते त्याला धमकी देतात, की लंडनभर तुझ्या नावाची छी-थू करू. हाइड म्हणतो, तमाशा कुठल्याच सभ्य गृहस्थाला नको असतो, आकडा सांगा. शंभर पौंड ठरतात. इथपर्यंत माझं डोकं कथेबरोबर चाललं होतं. मग पुढचं वाक्य आलं. बँक उघडायला वेळ होता, म्हणून मुलीचा बाप, डॉक्टर, एनफिल्ड आणि हाइड असे चौघं उरलेली रात्र एनफिल्डच्या घरी बसले आणि सकाळी न्याहारी करून एकत्र बँकेत गेले.

न्याहारी करून.

हे मी आधीही वाचलं असणार. पण त्या रात्री मला ते टेबल दिसलं. टोस्ट, लोणी, अंडी, कुणीतरी कुणाच्या तरी पुढे सरकवलेली चहाची किटली. ज्याला पाहून डॉक्टरच्या मनात खून येतो त्याच माणसाबरोबर बसून सगळे खातात, कारण आता व्यवहार ठरलाय. ती मुलगी त्या वेळी कुठे होती? घरी असेल, रडून झोपली असेल. पुस्तकात तिला नाव नाही, पुढे ती कधीच येत नाही. तिच्या किंकाळीचे पैसे झाले आणि चेकवर सही एका अत्यंत आदरणीय माणसाची निघाली. ती सही कुणाची हे एनफिल्ड हा किस्सा ऐकणाऱ्या अटरसनला, जेकिलच्या वकील मित्रालाही, आपणहून सांगत नाही. ज्या घराच्या दारातून हाइडने चेक आणला, त्या घराची चौकशी केलीस का, असं अटरसन विचारतो तेव्हा तो म्हणतो, माझा एक नियम आहे, प्रकरण जितकं संशयास्पद दिसेल तितकं मी कमी विचारतो. प्रश्न विचारणं म्हणजे टेकडीवरून धोंडा गडगडवणं. तो खाली जाऊन कुठल्या साध्यासुध्या म्हाताऱ्याच्या डोक्यात बसेल आणि त्याच्या घरच्यांना नाव बदलायची पाळी येईल, सांगता येत नाही. अटरसन म्हणतो, नियम चांगला आहे. बोलणं संपतं तेव्हा दोघे हातात हात देऊन ठरवतात, की हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मिरजेच्या आमच्या वाड्यात हा नियम कुणी असा शब्दांत मांडला नव्हता, पण पाळत सगळे होते. सरांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. संध्याकाळी आम्ही मुलं त्यांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसायचो. आतल्या बाजूला निळ्या फुलांचा पडदा होता आणि शिकवणी चालू असेपर्यंत त्या पडद्यामागून भांड्याचासुद्धा आवाज यायचा नाही. काकू किती शांत, किती समजूतदार, असं वाड्यातल्या बायका कौतुकाने म्हणायच्या. रात्री कधीतरी भिंतीपलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज यायचा, मग सरांचा आवाज, शब्द न कळणारा. आमची आजी उठायची आणि रेडिओ मोठा करायची. तिच्या चेहऱ्यावर राग नसायचा, भीतीही नसायची. दारातून पावसाचं पाणी आत यायला लागलं की पोतं टाकायचं, तशी ती रेडिओचं बटण फिरवायची. मला तेव्हा बातम्या आवडायला लागल्या होत्या, कारण त्या मोठ्या आवाजात लागत. आजी वाईट नव्हती. काकूंच्या बाळंतपणात तिनेच रात्री जागवल्या होत्या. त्यांच्या घरातलं ते बघतील, या एका वाक्यात तिच्या पिढीचा सगळा शहाणपणा होता, आणि त्यात शेजाऱ्याच्या अब्रूची काळजीसुद्धा होती. स्टीव्हन्सनच्या लंडनमधले वकील आणि गृहस्थ अशीच काळजी करतात. म्हणूनच मला ते इतके ओळखीचे वाटले.

जेकिलच्या घरालाही अशीच एक बाजू आहे. पुढचं दार चौकात, प्रशस्त, आत शेकोटी पेटलेला दिवाणखाना, अदबीने दार उघडणारा पूल नावाचा बटलर. मागचं दार गल्लीत, रंग फुगून पोपडे आलेलं, ना घंटा ना कडी. बराच काळ वाचकाला कळतच नाही, की ही दोन्ही दारं एकाच घराची आहेत. कथेतलं भय रसायनापेक्षा मला या दारांत जास्त जाणवतं. रसायन हा स्टीव्हन्सनचा खटाटोप आहे, काहीसा घाईचा. ती पांढरी पूड, तो रंग बदलणारा अर्क, ते मी भराभर वाचून टाकते. पण घराला दोन दारं असणं आणि दोन्हींच्या मध्ये राहणाऱ्या माणसांनी त्याबद्दल न बोलणं, याला कुठलीही पूड लागत नाही.

स्टीव्हन्सनने हे बोर्नमथला, १८८५ च्या शरदात लिहिलं, फुप्फुसाच्या दुखण्याने बहुतेक वेळ अंथरुणात असताना. स्वप्नात ओरडला म्हणून बायकोने, फॅनीने, हलवून जागं केलं, तर तो चिडला, की छान भुताची गोष्ट बघत होतो. हे सगळेच सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्याचं एडिंबरामधलं बालपण. दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनीअरांचं, कडक धर्मनिष्ठ घर. लहानपणीच्या त्याच्या खोलीत एक कपाट होतं, विल्यम ब्रॉडी नावाच्या सुताराने केलेलं. हा ब्रॉडी दिवसा शहरातला प्रतिष्ठित कारागीर आणि नगरमंडळाचा सदस्य, रात्री घरफोड्या. १७८८ मध्ये त्याला फाशी झाली. सुंदर पॉलिश केलेलं, दारं नीट बसणारं ते कपाट रोज रात्री दिव्याच्या उजेडात त्या आजारी मुलाच्या समोर असायचं. कारागिरी खोटी नव्हती. चोराने केलेलं म्हणून दार वाकडं बसत नाही.

जेकिलच्या शेवटच्या निवेदनात एक परिच्छेद आहे, त्यावर मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. तो म्हणतो, माझा सर्वांत मोठा दोष म्हणजे मौजेची ओढ, जिच्यात कितीतरी माणसं सुखी असतात. पण मला लोकांत मान उंच ठेवून, इतरांहून अधिक गंभीर चेहऱ्याने वावरायचं होतं. इतरांनी ज्या गोष्टी मिरवल्या असत्या त्या मी जवळजवळ रोगट म्हणावी अशा शरमेने लपवल्या. म्हणजे हाइडचा जन्म पापातून नाही झाला, मान उंच ठेवण्यातून झाला. हाइड हा बाईबाज आहे असं रंगभूमीने लोकांच्या मनात ठसवायला लगेच सुरुवात केली होती. त्यावर स्टीव्हन्सनने १८८७ मधल्या एका पत्रात जवळजवळ तडकून लिहिलं, की खोट जेकिलमध्ये होती, कारण तो ढोंगी होता. त्या ढोंग्याने हाइडला मोकळं सोडलं, आणि हाइड म्हणजे क्रौर्य, दुष्टपणा, स्वार्थ आणि भित्रेपणा. या यादीतला शेवटचा शब्द मला फार पटतो. हाइड लहान मुलीला तुडवतो, पिकल्या केसांच्या, नम्रपणे बोलणाऱ्या म्हाताऱ्याला काठी मोडेपर्यंत मारतो. बरोबरीच्या माणसासमोर तो कधीच उभा राहत नाही.

आणि तो हात. सगळ्या पुस्तकात मला खरी भीती वाटली ती तिथे. जेकिल सकाळी स्वतःच्या पलंगावर जागा होतो. खोली त्याचीच, पडदे ओळखीचे, तरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. अर्धवट झोपेत त्याची नजर पांघरुणावरच्या हातावर जाते. डॉक्टरचा हात मोठा, घट्ट, गोरा, देखणा. लंडनच्या सकाळच्या पिवळट उजेडात पडलेला हा हात हडकुळा, शिरा तटतटलेला, काळ्या केसांनी भरलेला आहे. इथे रसायन घेतलेलं नाही. झोपताना तो जेकिल होता. आतापर्यंत ज्याला तो हवं तेव्हा घालायचा झगा समजत होता, तो आता आपणहून अंगावर येतोय. मी हे वाचताना दिव्याखाली माझा हात पालथा करून पाहिला, आणि मग पुस्तक काही वेळ मिटून ठेवलं.

काही आठवड्यांनी ताईला फोन केला आणि तिला म्हटलं, तू त्या दिवशी म्हणालीस ते डोक्यातून जात नाही, सांगावंसं वाटलं तर सांग. ती बराच वेळ बोलली. सगळं इथे लिहायचं नाही, ते तिचं आहे. एक लिहिते, कारण ते लिही असं तीच म्हणाली. सर शाळेतून आले की सायकल अंगणात लावायचे. स्टँड हळू लागला तर काकू ताटं घ्यायच्या. स्टँड लाथेने लागला तर तिन्ही भावंडं न सांगता आतल्या खोलीत जायची. “बाहेर कुणावर कधी आवाज चढवला नाही गं त्यांनी,” ताई म्हणाली. “सगळा घरी आणायचे.” मी म्हटलं, मग आम्ही बोललो त्याचा तुला राग आला असेल. ती म्हणाली, “तुमचे सर खोटे नव्हते. खोटे असते तर बरं झालं असतं, मी त्यांना केव्हाच सोडून दिलं असतं.”

हे ऐकल्यावर मी निवेदन पुन्हा वाचलं आणि या वेळी जेकिल ‘मी’ कुठे म्हणतो आणि ‘तो’ कुठे म्हणतो, तेवढंच बघत गेले. पहिल्यांदा आरशात हाइडला पाहिल्यावर त्याला किळस येत नाही, उलट उडी मारून स्वागत करावंसं वाटतं. हाही मीच होतो, असं तो म्हणतो, आणि ते त्याला स्वाभाविक, माणसासारखं वाटतं. पुढे हाइडची कृत्यं वाढतात तसा तो म्हणायला लागतो, की दोष हाइडचा, एकट्या हाइडचा. जेकिल सकाळी उठतो तेव्हा त्याचे सद्गुण जागच्या जागी असतात. जमेल तिथे हाइडने केलेलं नुकसान तो भरूनही देतो, आणि मग सदसद्विवेक पुन्हा झोपी जातो. शेवटी तर तो लिहितो, ‘तो’ म्हणतोय, मला ‘मी’ म्हणवत नाही. दया येते, आणि संतापही येतो. कारण ज्या क्षणी तो ‘मी’ म्हणत होता त्या क्षणी त्याला थांबता आलं असतं. माणूस एक नसून दोन आहे, हे जेकिलचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण तिथेच तो म्हणतो, की पुढे कुणी शोधून काढेल, माणूस म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या अनेक रहिवाशांची वस्ती आहे. मला हे वाक्य जास्त खरं वाटतं. पेन्सिलीला टोक काढून देणारा आणि सायकलला लाथ मारणारा, यांत एक आत दडलेला आणि एक वरचा असं काही नव्हतं. दोघेही त्याच घरात, त्याच पगारावर, त्याच गुडघेदुखीसह राहत होते.

बाकावरचा प्रसंग मात्र मी वाचते तेव्हा दरवेळी पान उलटण्याआधी थांबते. त्या म्हाताऱ्याचा खून होऊन गेलाय. जेकिलने हाइडला कायमचं सोडायचं ठरवलंय, दोन महिने कडक वागलाय, मग एकदा स्वतःच्याच रूपात घसरलाय. जानेवारीचा स्वच्छ दिवस, पायाखाली वितळलेल्या हिमाची ओल, रीजंट्स पार्कमध्ये पाखरांची किलबिल. तो उन्हात बाकावर बसलाय. मनात येतं, शेवटी मीही चारचौघांसारखाच. मग तो हसतो आणि स्वतःची इतरांशी तुलना करतो, मी किती लोकांचं भलं करतो आणि हे बाकीचे आळशी, निष्ठुर, कुणाकडे लक्षही न देणारे. नेमका त्याच विचाराला पोटात ढवळून येतं, अंगाला कापरं सुटतं, आणि खाली पाहतो तर कपडे अंगावर लोंबतायत आणि गुडघ्यावरचा हात केसाळ आहे. स्टीव्हन्सनला हे कुठेही घालता आलं असतं. मोहाच्या क्षणी, रागाच्या क्षणी. त्याने ते घातलं चांगुलपणाच्या समाधानात. सरांच्या सायकलचा स्टँड कुठल्या दिवशी लाथेने लागायचा, असं मी ताईला विचारलं होतं. शाळेत सत्कार झाला, कुणी पाया पडलं, की त्या दिवशी हमखास, असं तिने सांगितलं. मला हे बाकाच्या आधी कळलं असतं तर समजलं नसतं.

आता राहिले ते मित्र. अटरसन हा पुस्तकातला सर्वांत प्रेमळ माणूस आहे असं मला वाटतं. स्वतःशी कठोर, दुसऱ्याशी सौम्य, घसरलेल्यांच्या दारात शेवटपर्यंत जाणारा. आणि तरीही बघा, हाइडच्या नावाचं पत्र जेकिलच्याच अक्षरातलं आहे हे त्याच्या कारकुनाने दाखवल्यावर त्याचं रक्त गोठतं आणि तो ते पत्र तिजोरीत बंद करतो. एका रविवारी तो आणि एनफिल्ड मागच्या अंगणात जातात. खिडकीत जेकिल बसलेला, कैद्यासारखा उदास. दोन शब्द बोलतो, हसतो आणि हसू चेहऱ्यावरून झटक्यात पुसलं जाऊन तिथे अशी भीती येते, की खालच्या दोघांचं रक्त थिजतं. खिडकी बंद होते. दोघे गल्लीतून न बोलता चालत जातात. थेट वर्दळीच्या रस्त्यावर आल्यावर अटरसनच्या तोंडून निघतं, देवा, क्षमा कर आम्हाला. एनफिल्ड मान हलवतो आणि पुन्हा गप्प. काय पाहिलं, हे दोघेही एकमेकांना सांगत नाहीत. जेकिल त्या खिडकीमागे आणखी काही दिवस एकटाच असतो.

ही शांतता मोडतो तो पूल, जेकिलचा म्हातारा बटलर. मार्चमधल्या सोसाट्याच्या रात्री तो अटरसनच्या घरी येतो. हातातल्या वाईनला ओठ लावत नाही, नजर वर करत नाही, आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणतो, मला आता हे सहन होत नाही. आठवडाभर दाराबाहेर ताट ठेवणारा, आतलं रडणं ऐकणारा हा नोकर. ते रडणं बाईसारखं किंवा एखाद्या हरवलेल्या जिवासारखं होतं, असं तो सांगतो, ऐकून माझंच काळीज फाटलं म्हणतो. आधी कारणं शोधणारा अटरसन मग म्हणतो, तर दार फोडणं माझं कर्तव्य आहे. कुऱ्हाड चालते ती पूलच्या हातातली. आत शेकोटी पेटलेली, किटली बारीक आवाजात गुणगुणतेय, चहाची तयारी आहे, कपात साखरसुद्धा घातलेली. लंडनमधली सर्वांत शांत खोली म्हणावी अशी, आणि मधोमध जमिनीवर हाइड, अजून झटके देत.

इथे अटरसन दोन वाक्यं बोलतो आणि मी त्या दोन वाक्यांमध्ये अडकून बसले आहे. जेकिलचा कागद खिशात घालत तो पूलला म्हणतो, याबद्दल कुठे बोलू नकोस, मालक गेला असला तरी निदान त्याचं नाव वाचवता येईल. आणि लगेच म्हणतो, आता दहा वाजलेत, घरी जाऊन हे शांतपणे वाचतो, बाराच्या आत परत येतो, मग पोलिसांना बोलवू. यानंतर पुस्तकात फक्त ते कागद आहेत. आधी जेकिलचा डॉक्टर मित्र लॅनियन याचा, मग जेकिलचा, आणि जेकिलच्या शेवटच्या ओळीवर पुस्तक संपतं. अटरसन पुन्हा दिसत नाही. त्या दोन तासांत वाचून त्याने नाव वाचवलं की पोलीस बोलावले, स्टीव्हन्सनने लिहिलेलं नाही. एकट्या अटरसनची मला खात्री नाही. पण तिकडे पूल जागा आहे, दिवाणखान्यात घाबरून एकमेकांना बिलगलेली मोलकरीण आणि बाकीचे नोकर जागे आहेत, आणि ज्याने एकदा मला सहन होत नाही असं म्हटलं, तो बारा वाजून गेल्यावर गप्प बसला असेल असं मला वाटत नाही.